सातवा गडी

नोगेरास पडला नाही. तो हळूच खाली बसला, आणि एलादिओने बदलाची चिठ्ठी हातात घेतली. पडलेला खेळाडू पुष्कळदा उठतो. पण चेंडू दुसरीकडे असताना जो मांडीमागे हात धरून आपला आपणच गवतावर बसतो, तो उठत नाही. एकोणीस वर्षे बाकावर काढल्यावर एवढे त्याला कळू लागले होते. ब्याऐंशी मिनिटे झाली होती. उनिओन मोंताल्वेर एक, बार्दाल्यो एक.

बरोबरी पुरेशी होती. सामना असाच संपला तर मोंताल्वेर या श्रेणीत टिकणार आणि बार्दाल्यो खाली जाणार. पाहुण्यांनी आणखी एक गोल केला तर नेमके उलटे. हंगामाचा हा शेवटचा रविवार होता, आणि अडतीस सामन्यांचे सारे ओझे त्याच्या उरलेल्या आठ-दहा मिनिटांवर येऊन बसले होते. पश्चिमेच्या गॅलरीवर अजून ऊन होते. नदीच्या खोऱ्यातून येणारा कोरडा वारा सूर्यफुलाच्या बियांची टरफले पायऱ्यांवरून उडवीत मैदानापर्यंत आणत होता.

“येराय! जॅकेट काढ!” प्रशिक्षक ओरोस ओरडला. त्याला सगळे मिस्टर म्हणत. “एलादिओ, सहा बाहेर, एकोणीस आत. लिही पटकन.”

एलादिओ बुरेता मोंताल्वेर संघाचा प्रतिनिधी होता. आठवडाभर तो नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देई आणि रविवारी खेळाडूंचे परवाने पंचांपुढे ठेवी, बदलाची चिठ्ठी लिही, आकड्यांची पाटी उंच धरी. ज्या कामात बोलावे लागत नाही अशी दोनच कामे गावात होती, आणि दोन्ही त्याने पत्करली होती.

त्याने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, पेनाचे टोपण काढले, आणि सवयीप्रमाणे अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवीत मैदानावरचे गडी मोजले.

नियम साधा होता. अकरा जणांपैकी निदान सात पहिल्या संघाच्या यादीतले हवेत. फार तर चार दुय्यम संघातून घेता येतात. सामना चालू असताना क्षणभर जरी साताचे सहा झाले आणि समोरच्यांनी तक्रार केली, तर मैदानावर काहीही झालेले असो, कागदावर तीन-शून्य हार. नोगेरास पहिल्या संघातला. येराय दुय्यम संघातला. एलादिओचा अंगठा सहाव्या पेरावर थांबला. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा सहा.

तिर्सो.

तिर्सोला कोण मोजत नव्हते? तीन वर्षे उजवी बाजू तोच सांभाळत होता; कपडे बदलायच्या खोलीत त्याची खुंटी ठरलेली, पाठीवरचा आकडा ठरलेला. पण जानेवारीत बाहेरून दोन नवे खेळाडू आले, यादीत जागा बावीसच, आणि तेविशीच्या आतला म्हणून तिर्सोचा परवाना दुय्यम संघात सरकवावा लागला. खेळायला त्याला कसली आडकाठी नव्हती. फरक होता तो एका कागदावर, आणि तो कागद एलादिओने स्वतःच्या हाताने टंकला होता.

“मिस्टर,” तो उठून म्हणाला, “येराय नाही चालणार.”

“चालायला कोण सांगतंय त्याला? पळणार आहे तो!”

“सहा होतात, मिस्टर. पहिल्या संघातले सहाच उरतात.”

“सात आहेत. मला मोजता येत नाही का?”

“तिर्सो त्यात नाही. जानेवारीत त्याचा परवाना खाली नेला आपण. तुमची सही आहे.”

ओरोसने त्याच्याकडे असे पाहिले, जसे बाकानेच तोंड उघडले असावे. “तिर्सो? अरे, तिर्सोची आजी या क्लबचे गणवेश धुवायची! आणि आत्ता सांगतोस हे? आत्ता?”

“आत्ता मोजलं.”

“मग परत मोज आणि सात काढ! कोण बघतंय कागद? बार्दाल्योवाल्यांना स्वतःचे अकरा धड ओळखता येत नाहीत.”

मैदानावर डॉक्टरने हातांनी फुली करून दाखवली. नोगेरास संपला. रेषेवरचा सहायक पंच बाकाकडे येऊन हात पुढे करून उभा राहिला. “चिठ्ठी, साहेब. वेळ काढू नका.”

बाकावर पहिल्या संघातला एकच माणूस उरला होता: कर्णधार चाबिएर बेर्दून. वय छत्तीस. फेब्रुवारीपासून त्याचा उजवा गुडघा वळत नव्हता. निवृत्त होण्यापूर्वी शेवटच्या सामन्याच्या कागदावर एकदा नाव यावे, एवढ्याचसाठी आज त्याला गणवेश चढवून बसवले होते.

एलादिओने पलीकडच्या बाकाकडे पाहिले. बार्दाल्योची प्रतिनिधी ओब्दुलिया, साठी उलटलेली बाई, डोळे बारीक करून मैदान न्याहाळत होती. ती मोजते आहे की प्रार्थना करते आहे, हे इतक्या दुरून सांगता येत नव्हते.

एकोणीसशे चोवीस साली साखर कारखान्याच्या कामगारांनी गावाच्या खळ्यांवर गोलाचे खांब रोवले, तेव्हापासून या मैदानाला लास एरास, म्हणजे खळीच, म्हणतात. पन्नाशीच्या दशकात क्लब दोन हंगाम वरच्या श्रेणीत खेळला. त्या दोन वर्षांची छायाचित्रे अजून प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात आहेत, आणि त्यांतल्या अकरांची नावे गावातली माणसे देवाच्या प्रार्थनेपेक्षा बिनचूक म्हणतात. मग उतरण लागली. शहाऐंशी साली मोंताल्वेर या श्रेणीतून खाली गेले, तेव्हा एलादिओ एकवीस वर्षांचा होता आणि वडिलांच्या शेजारी उभा होता. घरी जाताना त्यांनी सभासदत्वाचे कार्ड पोराच्या खिशात सरकवले आणि पुन्हा कधी लास एरासची पायरी चढली नाही. परत वर यायला क्लबला चोवीस वर्षे लागली. वडील तेवढे थांबले नाहीत.

एक हंगाम. वर येऊन एकच हंगाम झाला होता.

येराय रेषेवर उड्या मारीत उभा होता; त्याच्या पायांत साऱ्या गावाची घाई उतरली होती. एलादिओने चिठ्ठीवर लिहिले: बाहेर सहा, आत चार. ओरोस वाकून पाहतो न पाहतो तोच त्याने कागद सहायक पंचाच्या हातात दिला.

“चार?” ओरोसचा आवाजच बसला. “चार कोण? एलादिओ, चार कोण?”

“बेर्दून.”

“मी?” बेर्दून हसू लागला, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. “अरे, माझा गुडघा...”

“ठाऊक आहे. आत जा. गोलाजवळ उभा राहा. जा, चाबिएर, तुझ्या पाया पडतो.”

त्याने पाटी उंच धरली. चार हा आकडा दिसताच गॅलरीत कुजबुज झाली, आणि मग कुंपणालगतच्या पहिल्या रांगेतून शब्द येऊ लागले.

“ए वाचनालय! तिकडं पोरगं तापून उभं आहे अन् तू कपाटातलं म्हातारं काढतोस?”

“निरोप समारंभ नंतर करा, आधी सामना संपवा!”

“ओरोस, मिस्टर तू आहेस की तो पुस्तकवाला?”

ओरोस त्याच्या कानाशी आला. तो आता ओरडत नव्हता, आणि तेच अधिक जड होते. “हे निभावलं तर ठीक. नाही निभावलं, तर या मैदानाच्या मुतारीला तुझं नाव देईन. मोठ्या अक्षरांत.”

एलादिओ बसला. पाटी मांडीवर उलटी ठेवली. त्यानंतरची मिनिटे त्याला एकेक करून, सालपटासारखी सोललेली आठवत राहणार होती. शहाऐंशीव्या मिनिटाला बेर्दूनने चेंडूला पहिला स्पर्श केला, डोक्याने, बरोबर तिर्सोच्या पायात. अठ्ठ्याऐंशीव्याला त्याने नुसत्या हाताच्या खुणेने तिघांना जागेवर आणले आणि पाहुण्यांची चाल विरून गेली. गॅलरीतून कुणीतरी अनिच्छेने टाळी वाजवली. नव्वदाव्याला सहायक पंचाने आणखी चार मिनिटे दाखवली. वारा पडला होता. चार हजार माणसांच्या हातांत बिया होत्या आणि एकही फुटत नव्हती.

ब्याण्णव. कोपऱ्यावरून चेंडू उंच आला. तो कुठे उतरणार हे साऱ्या मैदानावर सर्वांत आधी बेर्दूनला कळले. एलादिओने ते त्याच्या मानेवरून ओळखले. बेर्दूनने योग्य वेळी, योग्य दिशेने पाऊल टाकले. शरीर वळले. गुडघा वळला नाही. एका हाताच्या अंतरावरून बार्दाल्योच्या पोरगेल्या आघाडीवाल्याने डोके लावले.

पाहुण्यांचे दोनशे समर्थक ओरडत होते. बाकीचे लास एरास ऐकत होते.

सामना संपल्यावर पंचांच्या खोलीत दोन्ही प्रतिनिधींनी अहवालावर सही करायची असते. ओब्दुलिया रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली आणि तिने एलादिओला सरळ मिठीच मारली.

“माफ कर रे. इतक्या वर्षांत तुझ्यासोबत कितीदा चहाकॉफी झाली, आणि आज तुलाच खाली ढकलून चालले.”

“खेळ आहे,” तो म्हणाला. पेन हातात घेतले, खाली ठेवले. “ओब्दुलिया, एक विचारू? आमचा शेवटचा बदल झाला तेव्हा तू आमचे मोजत होतीस?”

“काय मोजायचं?”

“पहिल्या संघातले. सात.”

तिने नाक पुसले आणि हसली. “सात? बाबा रे, माझा चष्मा बसमध्ये राहिला. तुमच्या पाठीवरचे आकडे मला धुक्यासारखे दिसत होते. गोल आमचा झाला हेसुद्धा शेजारच्याला विचारलं मी. का रे?”

“काही नाही,” म्हणून त्याने सही केली.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी अंघोळीला गेले नव्हते. बेर्दून कोपऱ्यात गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. ओरोस दाराकडे पाठ करून उभा होता. पावलांच्या आवाजावरून त्याने ओळखले.

“या. ग्रंथपाल आले. मी सांगितलंय सगळ्यांना, तुझा तो सातचा हिशेब. आता एकच सांग. येरायला आत घातलं असतं, तर त्यांनी पकडलं असतं आपल्याला?”

वीस तोंडे त्याच्याकडे वळली. बेर्दूनचेही. हो म्हणणे अगदी सोपे होते. ती मोजत होती, तिच्याकडे यादी होती, मंगळवारी दुपारपर्यंत तक्रार गेलीच असती. या एका वाक्याने बेर्दूनचा गुडघा निर्दोष ठरला असता, आणि एलादिओला या गावात मान वर करून भाकरी आणता आली असती. वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते.

“नाही,” तो म्हणाला. “विचारलं मी तिला. तिच्या लक्षात आलं नसतं.”

बर्फाची पिशवी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. ओरोसने एक शिवी दिली. ती एलादिओसाठी होती की देवासाठी, हे कळले नाही. तो जॅकेट उचलून बाहेर पडला.

मग तिर्सो उठला. त्याच्या पायमोज्यांवर अजून ओले गवत चिकटलेले होते.

“थांबा. म्हणजे मी पहिल्या संघात नाही? जानेवारीपासून?”

“कागदावर नाही.”

“आणि मला हे आज कळतंय? तुम्ही मला सांगितलंच नाही?”

एलादिओला तो दिवस लख्ख आठवत होता. कागद दुमडून त्याने खिशात घातला होता. तिर्सो खुंटीखाली बूट बांधत, शीळ घालत बसला होता. सांगू, जेवणानंतर सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू. पोराचा चेहरा उतरलेला पाहायला नको म्हणून त्याने कुणालाच काही सांगितले नव्हते. मिस्टरने गठ्ठ्यात न वाचता सही केली होती. जे एकदाही मोठ्याने बोलले गेले नाही ते सगळे विसरले, आणि आज सकाळी बाकावरचे गडी निवडले जाताना तो स्वतःही विसरला होता. सकाळी मोजले असते, तर पहिल्या संघातला आणखी एक धडधाकट गडी बाकावर बसवता आला असता; दोघे तर वरच्या गॅलरीतच बसून सामना बघत होते.

“नाही सांगितलं,” तो म्हणाला. “तुला वाईट वाटेल म्हणून. खरं म्हणजे मला ते बघवणार नाही म्हणून. चूक तिथे झाली. गुडघ्याची नाही, चाबिएर. ऐकतोस ना? गुडघ्याची नाही.”

बेर्दूनने तोंडावरून टॉवेल फिरवला आणि तो तिथेच धरून ठेवला. त्याचे खांदे हलत होते. तिर्सो त्याच्याजवळ जाऊन बसला. एलादिओकडे त्याने पुन्हा पाहिले नाही.

“मागच्या दारानं जा,” येराय हळूच म्हणाला. “पुढं बरीच माणसं थांबलीत. तुमचंच नाव घेतायत.”

मागचे दार गल्लीत उघडत होते. तिथून चार मिनिटांत घर. एलादिओने परवान्यांची चामडी पिशवी काखेत मारली, क्षणभर त्या दाराच्या कडीकडे पाहिले, आणि लांबच लांब बोळातून तो पुढे निघाला.

फाटकाबाहेर शे-सव्वाशे माणसे असतील. कुणी ओरडले नाही. क्लबचा मफलर गळ्यात घातलेला एक म्हातारा वाट अडवून उभा राहिला. एलादिओच्या वडिलांच्या वयाचा तो असावा.

“एवढंच सांग पोरा,” तो म्हणाला. “का?”

इतक्या माणसांपुढे एलादिओ आयुष्यात कधी बोलला नव्हता. मागून कुणीतरी म्हणाले, “मोठ्यानं बोल, इकडं ऐकू येत नाही.” त्याने पिशवी खाली ठेवली, आणि आवाज चढवून जानेवारीपासून सांगायला सुरुवात केली.