एकशे चौऱ्याऐंशी कार्डे

माझ्या पोटात एकशे चौऱ्याऐंशी कार्डे आहेत. त्यांतली तीन कोरी. दोन कार्डांचे कोपरे उंदराने कुरतडलेले आणि एकावर कपाच्या बुडाचा गोल डाग. पाठीवर पेन्सिलीने नाव लिहिलेली कार्डे एक्याण्णव.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कॉलेजच्या सुताराने मला मोडक्या बाकाच्या फळीपासून बनवले. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी सुट्टीभर बसून माझी कार्डे लिहिली. प्रत्येक कार्डावर एकच इंग्रजी वाक्य. तुमच्यासाठी ती मराठीत सांगते. ‘घड्याळ भिंतीवर रुसून बसले होते.’ ‘माझी बॅग हत्तीएवढी जड आहे.’ वाक्यात भाषेची कोणती क्लृप्ती आहे, ते मुलांनी ओळखायचे : सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, आयरनी म्हणजे बोलायचे एक आणि सुचवायचे उलटे. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली तर पर्सॉनिफिकेशन. म्हणजे या क्षणी मी स्वतःच त्याचे उदाहरण आहे.

क्लृप्तीचे नाव मात्र कार्डावर कुठेच नव्हते. बाईंचा तसा नियमच होता.

“नाव दिसलं की मुलं वाक्य वाचायचं सोडतात,” त्या म्हणायच्या.

“अहो, निदान पाठीमागे लिहा,” ग्रंथपाल एकदा म्हणाले. “तुम्ही रजेवर गेलात तर?”

“मी कधी रजा घेतली आहे का?”

खरोखरच त्यांनी कधी घेतली नव्हती.

एकोणीस वर्षे मी वर्गात फिरले. मुले वाद घालत. सगळ्यांत जास्त भांडणारा एक मुलगा होता. त्याला सगळे शंकोबा म्हणत. “बाई, घड्याळ रुसलं की त्याचा सेल संपला?” तो विचारायचा. वर्ग हसायचा, बाईही हसायच्या आणि त्यालाच पुढचे कार्ड द्यायच्या. नवे प्राध्यापक मला उचलून म्हणत, “वा, काय सुरेख काम आहे!” पुढे वर्गात पडदा आणि प्रोजेक्टर आले. मी कपाटावर गेले. चार वर्षे माझ्यावर धूळ बसली आणि त्या धुळीवर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. निवृत्त होताना बाईंनी मला घरी आणले, म्हणून मी वाचले.

मग एका सकाळी बाईंच्या मेंदूत गुठळी झाली. चालणे परत आले, शब्द मोजकेच आले. डॉक्टर बाईंच्या मुलीला म्हणाले, “ज्या विषयात त्या रमायच्या, त्यातलंच विचारा. रोज दहा प्रश्न. किती आले ते लिहून ठेवा.”

मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आकडा लिहून ठेवणे तिला नवीन नव्हते. रोज नाश्त्यानंतर ती माझे झाकण उघडायची, दहा कार्डे काढायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायची. पण आईने सांगितलेले नाव बरोबर की चूक, हे तिला कसे कळणार? तिने शंकोबाला फोन केला. तो आता स्वतः इंग्रजी शिकवतो. तो रोज सकाळी येऊ लागला. बाईंनी नाव सांगावे, शंकोबाला पटावे, मगच मुलीने ते कार्डाच्या पाठीवर लिहावे.

पहिल्या आठवड्यात दहापैकी चार आली. तिसऱ्यात सहा. मुलगी माझ्यावर थाप मारून म्हणाली, “आई, महिन्याभरात तू मला परत ओरडायला लागशील बघ!”

पाचव्या आठवड्यात तीन आली.

एके दिवशी एक कार्ड निघाले : ‘किती सुंदर अक्षर! लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही.’ बाई बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिल्या.

“आयरनी ना, बाई?” शंकोबाने हळूच विचारले.

बाईंनी जोरात नकारार्थी मान हलवली.

“मग सारकॅझम? टोमणा?”

पुन्हा नाही. त्यांनी बोट कार्डावर आपटले. डोळ्यांत नेहमीचा वर्गातला राग होता. ओठ उघडले. “ते... ते...” म्हणाल्या आणि मग, “चहा.”

मुलीने चहा ठेवला. शंकोबा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, “ताई, मी चुकलोय हे त्यांना कळतंय हो. बरोबर काय, ते आता कोणाला विचारू?”

मुलीने कार्ड पाठ कोरीच ठेवून माझ्यात परत घातले.

मित्रांनो, माझ्या फळ्या अजून घट्ट आहेत. बिजागरीला तेल घातले तर मी आणखी तीस वर्षे टिकेन. पण माझी अर्धी बाजू मी कधी सांभाळलीच नाही, ती बाईंच्या डोक्यात होती. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्यांना आजच विचारा आणि पाठीवर लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.

मुलगी अजून रोज झाकण उघडते. आजच्या चौकोनात तिने लिहिले : कार्डे दहा. बरोबर शून्य. वेळ बावीस मिनिटे.