मलूल म्हणजे किती?

"डायपर बदलला का? होय की नाही, एवढंच सांगा."

"बदलला की. पहाटेपासून तीनदा," सात नंबरच्या खाटेवरची आई म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी 'होय'वर बोट टेकवलं. पडद्यावरचा चौकोन हिरवा झाला. फॉर्म पुढच्या प्रश्नाकडे सरकला, पण मोठ्या सिस्टर सरकल्या नाहीत.

"ओला होता ना?"

"कुठला ओला! तिन्ही वेळा कोरडाच. पण दर तीन तासांनी बदला म्हणून भिंतीवर लिहिलंय तुम्ही, म्हणून बदलत राहिले. चुकलं का काही?"

"तुमचं नाही चुकलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि मागे जाऊन त्यांनी चौकोन पुन्हा पाहिला. तो हिरवागार होता. फॉर्मनं डायपरची चौकशी केली होती. बाळाची केली नव्हती.

हा फॉर्म वॉर्डात येऊन तीन आठवडे झाले होते. त्याआधी इथे वही होती आणि वहीत मोठ्या सिस्टर लिहीत. कुणी म्हणेल फार लिहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं लिहिलं होतं, की वॉर्डातले डॉक्टर त्यांना पाठीमागे 'कादंबरी' म्हणत, आणि पाठ फारशी लांब नसल्यामुळे ते त्यांनाही ऐकू येई. 'चार नंबरचा मुलगा आज भिंतीकडे तोंड करून पडला आहे. बाबा आले तरी वळला नाही.' हे असलं काही कॉम्प्युटरला बेरजेत धरता येत नाही. म्हणून समिती बसली. समितीत मोठ्या सिस्टरांनाही बोलावलं होतं, कारण परिचारिकांचा सहभाग या रकान्यात कुणीतरी लागतं.

त्या समितीत त्यांनी एकच शब्द मागितला होता. बाळाचं वागणं या प्रश्नाखाली शांत, चिडचिडं आणि प्रतिसाद नाही असे तीन पर्याय होते. त्या म्हणाल्या, "मलूल घाला."

कॉम्प्युटरसाहेब भला माणूस. त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "ताई, मलूल म्हणजे नेमकं किती?"

मलूल किती ते हाताला कळतं. बाळ उचललं की ते जरा जास्त जड लागतं, कारण ते आपलं वजन आपण धरेनासं झालेलं असतं. पण हे आठवून सांगेपर्यंत समिती चहाला उठली होती.

आता सात नंबरच्या आठ महिन्यांच्या मुलीखाली त्यांनी हात घातला आणि तिला उचललं. ती जड लागली.

काल दाखल झाली तेव्हा तिला उलट्या होत होत्या, ताप होता आणि आवाज असा होता, की लिफ्टवाला वर बघायला आला. "घरात हिला लाडानं काय म्हणता?" हाही फॉर्मातलाच प्रश्न. आई ओशाळत म्हणाली होती, "भोंगा." मोठ्या सिस्टरांनी तेच टाकलं होतं. तोच भोंगा आता त्यांच्या खांद्यावर डोळे अर्धे मिटून पडला होता. कपाळ तापलेलं आणि पावलं घोट्यापर्यंत गार. चमच्यानं पाणी घातलं तर ते ओठाच्या कोपऱ्यातून परत आलं.

"शांत झाली ना आता?" आई आशेनं म्हणाली. "रात्रभर रडली. मघापासून बघा, कशी गुणी झालीय."

फॉर्मचंही तेच मत होतं. वागणं विचारलं तेव्हा तिघांतलं एक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना, म्हणून त्यांनी 'शांत' टाकलं, आणि शांत म्हणजे शून्य गुण. या परीक्षेत शून्याला पहिला नंबर होता. काल रडत होती तेव्हा खाट पिवळी होती. आज हिरवी झाली.

मोठ्या सिस्टरांनी फोन उचलला. छोटे डॉक्टर वरच्या मजल्यावर सभागृहात होते. सगळेच तिथे होते. बाहेरून पाहुणे आले होते आणि त्यांना मोठ्या पडद्यावर हाच वॉर्ड दाखवणं चाललं होतं.

"सिस्टर, आत्ता नको हो," छोटे डॉक्टर कुजबुजले. "सात नंबर ना? माझ्यासमोरच आहे. हिरवा आहे."

"डॉक्टर, बाळ हिरवं नाहीये."

"नाडी?"

"एकशे अठ्ठावन्न."

"एकशे साठपर्यंत चालते. ताप आहे, धावणारच. श्वास?"

"बेचाळीस."

"मग झालं की!"

"पाय गार आहेत. डायपर पहाटेपासून कोरडा आहे."

"एसी कमी करा. आणि डायपर तीन दिसताहेत इथे."

"बदललेले तीन, ओला एकही नाही. डॉक्टर, मलूल आहे मुलगी. सलाईनची ऑर्डर टाका आणि येऊन बघा."

"अहो, तुम्हीच शांत टाकलंय. हिरव्या खाटेला न बघता सलाईन कशी लावू? आणि इथून उठलो तर मेट्रनबाई मलाच लावतील. अर्ध्या तासात येतो."

फोन ठेवल्यावर मोठ्या सिस्टरांनी सलाईनचा ट्रे लावला, सुई काढून ठेवली, चिकटपट्टीचे तुकडे कापून खाटेच्या दांडीला चिकटवले. ऑर्डर आल्याशिवाय कपाटातून बाटली निघत नव्हती, कारण कपाटही आता कॉम्प्युटरचंच ऐकत होतं.

वॉर्डात दुसरी एकच सिस्टर होती. तिची बोटं इतकी भरभर चालत, की सगळे तिला 'टायपिस्ट' म्हणत. मोठ्या सिस्टरांनी तिला वर पिटाळलं. ती चार मिनिटांत परत आली.

"ताई, दारात मेट्रनबाईच उभ्या आहेत. म्हणाल्या, पाहुण्यांसमोर वॉर्ड हिरवा दिसतोय आणि तू तो सोडून फिरतेस? काही असेल तर फॉर्ममध्ये भरा म्हणाल्या."

"बडे डॉक्टर दिसले?"

"पहिल्या रांगेत आहेत. झोप येतेय त्यांना."

बडे डॉक्टर वहीच्या काळातले. राऊंडच्या आधी ते वही चाळत, एवढी कादंबरी न वाचता फक्त एक शब्द शोधत, आणि तो सापडला की हातातला चहा असेल तिथे ठेवून खाटेकडे जात. त्यांचे असे विसरलेले कप मोठ्या सिस्टरांनी वर्षानुवर्षं गोळा केले होते.

"ताई," टायपिस्ट हळूच म्हणाली, "'प्रतिसाद नाही' टाका ना. सरळ घंटा वाजेल सगळीकडे."

मोठ्या सिस्टरांचं बोट त्या चौकोनावर गेलं. मग त्यांनी मुलीच्या टाचेला चिमटा काढला. पाऊल सावकाश मागे गेलं, नको म्हणावं तसं.

"देतेय प्रतिसाद," त्या म्हणाल्या.

"किती थोडा दिला!"

"थोडा आहे, पण आहे. असताना 'नाही' मी कधी लिहिलेलं नाही."

निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि चौतीस वर्षांत त्यांनी खोटी नोंद केली नव्हती. पण खरं लिहायला जागाच नाही, असाही प्रसंग आधी आला नव्हता. पडद्याला बराच वेळ कुणी शिवलं नाही म्हणून त्यावर नेहमीचा प्रश्न उमटला. 'तुम्ही अजून आहात का?'

"आहे बाई, आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि 'होय' दाबलं.

फॉर्म पहिल्या पानापासून उघडला. वर मोठ्या अक्षरांत खाट नंबर आणि शेजारी 'भोंगा'. मोठ्या सिस्टरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "काय गं, वरच्या पडद्यावर पोरांची नावं दिसतात?"

"खरी नाही दिसत. गोपनीयता म्हणून झाकलीत. फक्त लाडाची दिसतात."

"आणि ती बदलता येतात?"

टायपिस्टनं त्यांच्याकडे पाहिलं. "ताई, या अख्ख्या फॉर्मात हाताने लिहायला तेवढी एकच जागा आहे."

"सरक."

मोठ्या सिस्टरांनी भोंगा पुसला. टायपिंग त्यांना एका बोटानं येत होतं. म शोधला, ल शोधला, दीर्घ ऊकार काही केल्या सापडेना. टायपिस्टचा हात शिवशिवत होता. शेवटी ऊकार सापडला. त्यांनी नोंद जतन केली, मुलीला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय केलंत?" आईनं विचारलं. तिचा आवाज आता बदलला होता. "सिस्टर, ती शांत झालीय ना?"

"डॉक्टरांना बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिचे तळवे चोळा."

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. चोळून चोळून आईचे हात लाल झाले, मुलीचे तळवे झाले नाहीत.

मग जिन्यावर पावलं वाजली. ती म्हाताऱ्या माणसाची होती आणि धावत होती. बडे डॉक्टर आत आले ते छातीवर स्वागताचं फूल लावून. त्यांनी 'कोण' विचारलं नाही, 'काय झालं' विचारलं नाही. मुलीखाली हात घालून तिला उचललं, तिचं वजन घेतलं आणि म्हणाले, "बाटली."

"कपाटाला ऑर्डर लागते, सर."

"मग घाला माझ्या नावावर, काय लागते ती!"

टायपिस्टच्या बोटांचं त्या दिवशी सार्थक झालं. कपाट उघडलं. शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. चिकटपट्टीचे तुकडे दांडीवर तयारच होते.

वर काय झालं ते नंतर कळलं. कॉम्प्युटरसाहेब सांगत होता, की बघा, शंभर टक्के हिरवं. एक पाहुणा कौतुकानं नावं वाचत होता. "गुंडू, ठकी, मनी, मलूल…" एवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला.

दुपारी मेट्रनबाईंनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं नाही. ती पद्धत आता बंद झाली होती. मोठ्या सिस्टरांच्याच पडद्यावर एक नवा फॉर्म आला. 'लाडाचे नाव या रकान्यात अयोग्य नोंद. कारण निवडा.' खाली तीन चौकोन होते. नजरचूक, तांत्रिक अडचण, अपुरे प्रशिक्षण. एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि निवडलेलं सेवापुस्तकात जाणार होतं.

"तांत्रिक अडचण टाका," टायपिस्ट म्हणाली. "कुणाचंच नुकसान नाही."

बडे डॉक्टर खाटेजवळून म्हणाले, "थांबा, मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलायची सोय कुठंय, सर? तीन चौकोन आहेत फक्त."

आपल्या नजरेची चूक झाली, असं आपल्याच बोटानं कबूल करायचं की चौतीस वर्षांचं शिक्षण अपुरं म्हणायचं? मोठ्या सिस्टर चष्मा पुसून तिन्ही चौकोनांकडे बघत बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. छोटे डॉक्टर.

"सिस्टर, सात नंबर पिवळा झालाय! काय बिघडलं?"

बिघडलं काय ते लिफ्टवाल्यालाही ऐकू येत होतं. सात नंबरच्या खाटेवरून एक किरटा, चिरका, संतापलेला आवाज निघाला होता आणि तो वाढत चालला होता. टायपिस्टनं वागण्यापुढे चिडचिडं टाकलं होतं.

"काही नाही, डॉक्टर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "रडतेय."

त्यांनी फोन ठेवला. सात नंबरचा फॉर्म उघडून मलूल पुसला आणि एका बोटानं, सावकाश, पहिलं नाव परत लिहिलं. मग तीन चौकोनांचा तो फॉर्म तसाच उघडा टाकून त्या उठल्या. आईनं मुलीला त्यांच्याकडे दिलं. ती आता हलकी लागत होती.

रिकाम्या खुर्चीसमोर पडद्यावर प्रश्न उमटला. तुम्ही अजून आहात का? तो थोडा वेळ थांबला. मग कुणी उत्तर दिलं नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला.