मी पुसलेला ठसा

बाळंतपणानंतरची माझी ही पहिलीच टेनिस स्पर्धा, आणि दुहेरीत मला सोबत घ्यायला तयार असलेली एकच बाई जगात उरली होती. सगळ्या तिला कॅप्टन म्हणतात. वय छत्तीस, गुडघ्याला पट्टा, बोलणं मोजकं. फोनवर तिने स्पष्टच सांगितलं होतं, "एक स्पर्धा खेळून बघू. जमलं तर पुढच्या आठवड्यात तुझंच नाव देईन. नाहीतर गोफण मागे लागलीच आहे."

गोफण ही एकोणीस वर्षांची पोरगी. तिच्या सर्व्हिसवरून तिला हे नाव पडलं. तिची कंबर दुखत नाही, तिला रात्री तीनदा उठावं लागत नाही आणि खेळताना ती चेंडूकडे बघते.

मी प्रेक्षकांकडे बघते. तिसऱ्या रांगेत सासूबाई माझ्या दहा महिन्यांच्या ठकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोर्ट लाल मातीचं आणि ठकीला माती अत्यंत प्रिय, त्यामुळे माझा अर्धा जीव तिथेच होता. बाजू बदलताना मी खुणेने विचारायची, दूध प्यायली? टोपी कुठाय? सासूबाई हात झटकून सांगायच्या, खेळ तू. चौथ्यांदा पंचबाईंनीच मला विचारलं, "काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "नाही, टोपी."

तरीही पहिला सेट आम्ही जिंकला. दुसरा गेला, तो बहुतांशी ठकीच्या टोपीमुळे. मग निकालासाठी दहा गुणांचा टायब्रेक. त्यात आम्ही नऊ-आठ पुढे. एक गुण मिळाला की सामना आमचा आणि कॅप्टनकडची माझी नोकरी पक्की.

समोरचीने जोरात फटका मारला. माझी रॅकेट पोहोचलीच नाही. चेंडू माझ्या मागे, शेवटच्या रेषेपाशी टेकला आणि रेषेवरची पंच ओरडली, "आउट." कॅप्टनने मूठ आवळली. समोरच्या दोघी मात्र म्हणाल्या, ठसा बघा.

मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. शंका आली की पंच उंच खुर्चीवरून उतरून येतात, वाकून बघतात आणि निकाल देतात. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. आपल्या बाजूचा ठसा आपणच पुसला, तर चेंडू आत होता हे आपण कबूल केलं असं धरतात. हे मला बाराव्या वर्षापासून पाठ आहे. मी ते दुसऱ्या मुलींना शिकवलंय, वर रागावूनही.

पंचबाई खुर्चीच्या पायऱ्या उतरत होत्या. मी ठशापाशीच उभी होते. तो निम्मा रेषेवर होता, म्हणजे चेंडू आतच, हे मला नीट दिसलं. तेवढ्यात ठकीने भोकाड पसरलं. मी वर बघितलं आणि माझ्या पायाने आपलं काम केलं. ठकी रांगायला लागल्यापासून तो हेच करतोय. बिस्किटाचा चुरा, दुधाचा थेंब, केळ्याचा लगदा, जमिनीवर काही दिसलं की ठकीच्या तोंडात जायच्या आत सर्रकन बाजूला. पंचबाई पोहोचल्या तेव्हा तिथली माती सारवल्यासारखी सपाट झाली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तळहात जमिनीकडे करून चेंडू आत असल्याची खूण केली. नऊ-नऊ.

समोरच्या दोघींनी रॅकेटवर टाळी वाजवली. मग प्रेक्षकांनीही. मला वाटलं, वेडेपणाला हल्ली टाळ्या मिळतात. पुढचे दोन गुण आम्ही घालवले. एकदा कॅप्टनने वरच्यावर मारलेली व्हॉली जाळ्यात गेली, एकदा चेंडू आमच्या दोघींच्या मधून गेला आणि आम्ही एकमेकींना वाट देत राहिलो.

जाळ्यापाशी हात मिळवताना समोरची मला मिठी मारून म्हणाली, "विजयाचा गुण स्वतःहून सोडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

बाहेर सासूबाई ठकीला थोपटत होत्या. "हरलीस ना?"

"हो."

"मग लोक टाळ्या कशाला वाजवतायत?"

"मी फार प्रामाणिक आहे म्हणून."

सासूबाईंनी ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "घरी पण अशीच पायाने पुसतेस. किती वेळा सांगितलं, फडकं घे."

"कोणाला सांगू नका हं."

"मला कोण विचारतंय?"

कपडे बदलायच्या खोलीत कॅप्टन गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. ती म्हणाली, "आजवर सोळा जणींबरोबर खेळले. त्यातल्या एकीनेही असं केलं नसतं. चल, पुढच्या आठवड्याची नोंदणी सहाला बंद होते." मी तिच्या मागोमाग निघाले. वाटेत मी स्वतःला समजावलं, खोटं तर मी काहीच बोललेले नाही. लोक समजतात, त्याला मी काय करणार? कॉलेजात तर्कशास्त्राला मला बरे गुण होते.

नोंदणीच्या काउंटरपाशी गोफण आधीच उभी होती, पेन काढून. मला बघून तिचा चेहरा पडला, पण पोरगी चांगली. म्हणाली, "ताई, भारी केलंत. माझ्यावर वेळ आली तर मी पण तसंच करणार."

हे मात्र मला झेपलं नाही. आता हिने एखाद्या अंतिम सामन्यात माझ्या नावाने ठसा पुसला तर?

कॅप्टनचं अर्जावर स्वतःचं नाव लिहून झालं होतं. मी म्हटलं, "ताई, थांबा. तो ठसा मी मुद्दाम नाही पुसला. ठकी रडली, मी तिकडे बघितलं, आणि पाय आपोआप फिरला. घरी मी अशीच लादी पुसते."

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर केला. गोफणीने मात्र आपलं पेन उघडलं.

"म्हणजे नियम विसरलीस?"

"नियम नाही विसरले. पाय विसरला."

"चेंडू कुठे पडला होता? बघितलास की तेही नाही?"

"रेषेवर. निम्मा."

"मग पंच पोहोचल्या असत्या तरी गुण गेलाच असता."

"हो, पण तुम्हाला वाटलं की मी..."

"माझं वाटणं राहू दे. नऊ-नऊला सोपी व्हॉली जाळ्यात कोणी घातली?"

मी काउंटरवरच्या बाईंकडे बघितलं. त्या काही मदतीच्या दिसल्या नाहीत. "तुम्ही," मी म्हटलं.

"शेंबड्या पोरीनेही मारली असती. दुपारपासून वाट बघतेय कोणीतरी तोंडावर म्हणेल याची. सगळे तुझ्या आरत्या ओवाळत बसलेत." तिने पेन उचललं. "मला खरं सांगणारी हवी. पाय सुधारता येतो."

गोफणीने विचारलं, "मग मी कोणाबरोबर खेळू?"

"शोध. मला तरी कुठे आयती मिळाली?"

तिने लिहून पलीकडे सरकवलेला अर्ज मी उलटा वाचला. नाव माझंच होतं, फक्त आडनाव लग्नाआधीचं लिहिलं होतं. कॅप्टन गेल्यावर काउंटरवरच्या बाईंकडून मी ते हळूच दुरुस्त करून घेतलं. एका दिवसात कॅप्टनच्या दोन चुका काढायची माझी छाती नव्हती.