फुगीर डोक्याचे पिस्टन

टेलरमास्तरांची गाडी चढावर धापा टाकायची, तीही नेमकी विहीणबाईंच्या गॅलरीतून दिसेल अशा जागी. मुलीचं सासर टेकडीच्या माथ्यावर. दर रविवारी नवरा-बायको तिला भेटायला निघायचे. अर्ध्या चढावर इंजिन आचके देऊ लागलं की मास्तर समोरच बघत म्हणायचे, "जरा उतरतेस का?" बायको उतरायची, गाडी सुटल्यासारखी वर जायची आणि बायको पर्स काखेत मारून मागून चालत यायची. वर गॅलरीत चहाचा कप घेऊन विहीणबाई उभ्या असायच्या. त्या काही बोलत नसत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

गेल्या रविवारी उतरता उतरता बायकोने सांगून टाकलं, "अहो, हे शेवटचं. पुढच्या रविवारी नातीचा वाढदिवस आहे. त्या दिवशी मला उतरवलंत, तर मी वर येणार नाही. तशीच खाली घरी जाईन. विहीणबाईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

सोमवारी सकाळी मास्तर गॅरेजात हजर.

गॅरेज बापलेकांचं होतं. एक पाना कुणी हरवला यावरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काम मात्र अडलं नव्हतं. सकाळी लेक इंजिनं उघडायचा आणि जेवायला घरी जायचा. दुपारी बाप येऊन उघडलेली इंजिनं बंद करायचा. मध्ये काही बोलायचं असेल तर गिऱ्हाईक होतंच.

लेकाने इंजिनाला दाब मोजायचं घड्याळ लावलं. काटा नऊवर थांबला.

"दाब कमी आहे, मास्तर. पिस्टनच बदलू. हे बघा, फुगीर डोक्याचे. डोकं वर आलं की वरची जागा कमी होते. पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते. ताकद वाढते आणि पेट्रोल कमी लागतं."

मास्तरांनी विचार केला. "म्हणजे कंबर घट्ट केली की माणूस कमी जेवतो, तसं?"

"तसं नाही."

"मग जास्त जेवतो?"

"कमी जेवतो आणि जास्त पळतो!"

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या घट्ट विजारी शिवल्या होत्या. त्या घालून कुणी जास्त पळाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. शिवण उसवल्याचं होतं. पण रविवार जवळ येत होता. त्यांनी मान डोलावली.

जॅकचा दांडा शोधायला लेकाने डिकी उघडली आणि आतून मास्तरांचं जुनं बिडाचं शिलाई मशीन, पायट्यासकट, कण्हत कण्हत बाहेर काढलं. दुकान बंद केल्यापासून तीन वर्षं ते दुरुस्तीला निघालेलं होतं.

"हे काय, मास्तर? नांगर घेऊन फिरता?"

"टाकायचंय दुरुस्तीला."

लेकाने ते भिंतीशी ठेवलं.

मंगळवारी दुपारी बापाने नव्या पिस्टनांकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "चिरंजीवांना सांगा, ही डोकी व्हॉल्व्हला धडकणार."

बुधवारी सकाळी लेक म्हणाला, "तीर्थरूपांना सांगा, मी मापून घेतलंय."

दुपारी बाप म्हणाला, "चिरंजीवांना सांगा, पाना हरवला तेव्हाही ते मापूनच घेत होते."

हा निरोप मास्तरांनी पोचवला नाही. इंजिन आपलं होतं. गुरुवारी बापाने इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामध्ये एकाऐवजी दोन जाड गॅस्केट घातल्या. गॅस्केट म्हणजे वाफ बाहेर जाऊ नये म्हणून मध्ये दाबायचा पत्र्याचा तुकडा.

"त्याने डोकं वर काढलं, मी छप्पर वर नेलं," बाप म्हणाला. "माया नको का ठेवायला?"

चार दिवसांत मास्तरांना कळलेलं हे पहिलं वाक्य. शिवणीत माया सोडल्याशिवाय कपडा शिवूच नये.

शनिवारी सकाळी लेकाने पुन्हा घड्याळ लावलं. काटा नऊवर थांबला.

"नऊ?" लेकाने घड्याळ झटकलं. "आधी किती होतं?"

"नऊच."

"असं कसं?"

म्हणजे आठवडाभर उसवून कपडा परत त्याच मापाचा शिवला होता. असं कसं ते मास्तरांना माहीत होतं, पण बापाने तसा निरोप दिला नव्हता. ते घाम पुसत घरी आले.

रविवारी बायको मांडीवर बाहुलीचं खोकं घेऊन शेजारी बसली. चढ लागला. आचक्यांची जागा जवळ आली. मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं.

"जरा..."

"जरा काय?"

"जरा काच वर घे. वारा लागतोय."

गाडी गुरगुरली, कुरकुरली आणि वर गेली. गॅलरीत विहीणबाईंचा कप तिरपा झाला. बायको दार उघडून अशी उतरली की त्या दाराला आयुष्यात तसा मान मिळाला नसेल. मास्तर मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिले. काटा नऊच. मग गाडी चढली कशी?

सोमवारी निकाल ऐकायला बाप सकाळीच येऊन बसला होता.

"चढली," मास्तर म्हणाले.

"तीर्थरूपांना सांगा, पिस्टन माझे!"

"चिरंजीवांना सांगा, गॅस्केट माझी. दोन घातल्या म्हणून वाचली!"

"दोन? कुणाला विचारून, बाबा?"

"तुला विचारू? पाना कुठाय ते सांग आधी!"

मास्तर दोघांच्या मध्ये उभे होते, पण आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं. ते भिंतीकडे सरकले. तिथे गेल्या सोमवारी डिकीतून काढलेलं मशीन होतं. त्यांनी एक बाजू उचलून पाहिली. पाठीत कळ आली आणि तिच्यामागून विचार आला. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या काट्यावर बायको उभी राहिली होती. तो आकडा आठवत त्यांनी मशीनकडे शिंप्याच्या नजरेने पाहिलं. माप एकच होतं. किलोभर इकडे-तिकडे.

"मास्तर, तेवढं मशीन न्या हो," भांडता भांडता लेक ओरडला. "पाय लागतो."

मास्तरांनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला. चाळीस वर्षांची सोबत होती. पण बायकोचीसुद्धा चाळीस वर्षांचीच.

"राहू दे इथंच," ते म्हणाले. "चढावर दोघींपैकी एकच बसते."

आणि गाडी सुरू करून ते निघून गेले.

बापाने लेकाकडे पाहिलं. "काय म्हणाले रे ते?"

"मलाही नाही कळलं, बाबा."