कपड्यांसकट वजन

"काढ ते स्वेटर."

शालनबाईंनी तिसऱ्यांदा सांगितले. विजयश्रीने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि दोन वर्षांच्या तेजूला छातीशी आणखी आवळले. चिखलीतल्या त्या पत्र्याच्या अंगणवाडीत जानेवारीची सकाळ अजून गार होती. काट्यासमोर पंधरा-सोळा आया रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कडेवरचे मूल लोकरीत असे गुंडाळलेले होते की त्याचे नाक तेवढे दिसत होते.

"आवो बाई, लेकरू गारठायलंय," विजयश्री म्हणाली. "मागल्या महिन्यात तर असंच जोखलं की तुमी!"

ते खरे होते, आणि खरे होते म्हणूनच शालनबाईंना ते वर्मी लागले.

एकोणतीस वर्षे त्या या अंगणवाडीच्या सेविका होत्या. चिखली हे शेतांचे गाव होते तेव्हापासून त्यांनी इथली मुले जोखली होती. उघड्या अंगाने जोखायचे, हा पहिल्या प्रशिक्षणातला पहिला धडा. तो त्यांनी कधी मोडला नव्हता. मोडला तो गेल्या डिसेंबरात, एकाच सकाळी. गारठा होता, गर्दी होती, गुडघा ठणकत होता, आणि वरून फोन आला होता की आकडे दुपारी बारा वाजेपर्यंत हवेत. त्यांनी सगळी मुले कपड्यांसकट काट्यावर ठेवली आणि आकडे लिहून खाली सही केली. त्या सहीने तेजू वाढीच्या तक्त्यावरच्या तीव्र कुपोषणाच्या लाल पट्ट्यातून पिवळ्यात गेली, आणि दवाखान्याच्या वॉर्डात उपचाराला पाठवायच्या मुलांच्या यादीतून तिचे नाव उडाले.

काल संध्याकाळी तेजू दारात पाय घसरून पडली. शालनबाईंनी तिला उचलताना दंड धरला. स्वेटरच्या बाहीत दंड सापडायलाच वेळ लागला. 

"ताई, प्लीज." भिंतीकडून निरंजन पुढे आला. एका संस्थेचा हा तरुण अधिकारी; मे महिन्यापासून तो अंगणवाडीतल्या मुलांना शेंगदाण्याच्या गोड लगद्याची पाकिटे पुरवत होता. माणूस वाईट नव्हता. मुलांची नावे त्याला पाठ होती. "अकरा वाजता मला रिपोर्ट पाठवायचाय. आठ महिन्यांत सरासरी दोन किलो वाढ दिसतेय. सुरुवातीचे रिझल्ट्स खूप प्रॉमिसिंग आहेत. आता मधेच पद्धत बदलली तर सगळं कंपॅरिझन बिघडेल."

"मे म्हैन्यात पोरं कशी जोखली हुती?"

"तेव्हा… उन्हाळा होता."

"म्हंजे उघडी. आन् आता स्वेटर, टोपरं, बूट, आन् वर चांदीचं वाळं. मग वाढलं कोण, पोरं का लोकर?"

रांगेत हशा पिकला. निरंजनही ओशाळून हसला, पण हातातला टॅब त्याने खाली ठेवला नाही.

"पाकिटानं फायदा झालाय, ताई. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हनले हुते. चार-पाच पोरं खरंच सुधारली, त्ये मी डोळ्यांनी बघितलंय. पर आठ म्हैन्यांत पाकीट न खाल्लेलं पोरबी वाढतंच की वो सायेब. पल्याडच्या गल्लीतल्या अंगणवाडीला पाकिटं न्हाईत. तिथली पोरं जोखलीत का कवा?"

"ते आपल्या स्कोपमध्ये नव्हतं."

"आन् मधीच गावाकडं गेलेली अकरा? त्यातली सहा समद्यांत रोडकी हुती. त्यांची नावंच गाळलीत तुमी. रोडकी गेल्यावर ऱ्हायलेली गुटगुटीतच दिसायची. माझं म्हननं एवढंच हाय: पाकीट चांगलं का वाईट, त्ये आजून ठरायचंय. आन् तुमी तर उद्याचा मांडव घालून बसलाय."

मांडव खरोखरच उभा राहत होता. शेजारच्या मोकळ्या जागेत खुर्च्या उतरत होत्या, आणि बाहेरच्या भिंतीला टेकून एक भला मोठा फलक उभा होता. त्याच्या डाव्या बाजूला मे महिन्यातली तेजू होती, उघडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. उजव्या बाजूला गुलाबी स्वेटरातली, गाल रंगवल्यासारखी. वर मोठ्या अक्षरांत 'आधी' आणि 'आता'. ज्या कंपनीच्या पैशाने पाकिटे येत तिथले साहेब उद्या यायचे होते. लालमधून बाहेर आलेल्या मुलांच्या आयांना स्टीलचे डबे मिळणार होते, आणि शालनबाईंना शाल. त्या फलकाकडे पाहून त्यांना शिसारी आली. खरी शिसारी मात्र फलकाची नव्हती. उजवीकडचे ते गुलाबी चित्र त्यांच्याच सहीवर उभे होते.

त्या पुढे झाल्या आणि तेजूला त्यांनी विजयश्रीच्या हातांतून सरळ काढून घेतले आणि आधी कपड्यांसकटच काट्यावर ठेवले. एक स्वेटर निघाले. त्याखाली दुसरे होते.

"दोन-दोन?" निरंजनच्या तोंडून निघून गेले.

विजयश्री पहिल्या स्वेटरची घडी घालू लागली.

बूट निघाले, टोपरे निघाले, वाळे निघाले. काटा आधी आठ किलो चारशे दाखवत होता. आता तो सात किलो सहाशेवर थांबला. शालनबाईंनी दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी काढली. ती स्वेटरांना फसत नाही. पोरीच्या दंडाभोवती ती लाल खुणेवर येऊन मिळाली, आणि तरीही सैल वाटत होती.

रांगेतले हसू केव्हाच थांबले होते. शालनबाईंनी तेजूला स्वतःच्या पदरात गुंडाळले.

"डब्यापायी केलंस व्हय गं?" त्यांनी विचारले. "स्टीलच्या डब्यापायी?"

"डबा घाला चुलीत!" विजयश्री एकदम उसळली. "नाव यादीत आलं की चौदा दिवस वॉर्डात ऱ्हावं लागतंय. भोसरीच्या वर्कशॉपात पॅकिंगला हाय मी, कंत्राटावर. चार दिवस खाडा झाला की गेटावर दुसरी बाई उभी. हेंचं काम दिवाळीपासून बंद हाय. कामच गेलं तर वॉर्डातनं घरी आणून काय खायला घालू लेकराला? सांगा की! तुमची सरकारी नोकरी, तुमाला काय कळायचं!"

सरकारी नोकरी नव्हती ती, मानधन होते. पण शालनबाईंनी ते सांगितले नाही. समोरच्या बाईवर डाफरण्याचा हक्क आपण डिसेंबरातच गमावला आहे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख उमगले. आईने एका सकाळी दोन स्वेटर घातली. शालनबाईंनी महिनाभर पोरीचे आजारपण कागदाखाली झाकले होते.

त्यांनी नोंदवही उघडली. डिसेंबरच्या पानावर, सगळ्या आकड्यांवरून आडवे, ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'वजने कपड्यांसकट घेतली. चूक माझी. ग्राह्य धरू नयेत.' खाली पूर्ण नावानिशी सही केली आणि वही निरंजनपुढे सरकवली.

"ह्येचा फोटू काढा. रिपोर्टात लावा."

"ताई, तुमच्यावर कारवाई होईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"व्हऊ दे."

"आणि कार्यक्रम? साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, आजून जोखायचं बाकी हाय. उघडी जोखा, पल्याडचीबी जोखा, गेलेली हुडका. मग पाकीट चांगलं निघालं तर मी सोता हार घालीन तुमाला."

निरंजनने फोटो काढला. पाठवला की नाही, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

शालनबाई विजयश्रीकडे वळल्या. "दिवसाची शिफ्ट किती वाजता सुटती तुजी?"

"साडेचारला."

"मग दिवसा मी बसते वॉर्डात, संध्याकाळी तू ये. माझ्या रजा पडून हायती. काम सोडू नगंस. चल, रिक्षा बघ."

 विजयश्रीने वाकून तेजूचे बूट उचलले, आणि दुसरे स्वेटर पिशवीत कोंबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेच्या दवाखान्यातल्या वॉर्डात शालनबाईंचा फोन वाजला. पलीकडून लाऊडस्पीकर आणि टाळ्या ऐकू आल्या.

"ताई, कार्यक्रम झाला," निरंजन ओरडून बोलत होता. "फलक काढायला वेळच मिळाला नाही हो. साहेबांना खूप आवडला. चाळीस अंगणवाड्यांना पाकिटं मंजूर केली त्यांनी. तुमची शाल ठेवलीय माझ्याकडे."

"ठेवा," त्या म्हणाल्या आणि फोन बंद करून पालथा घातला.

वाटीतले औषधी दूध कोमट झाले होते. तीन चमचे तेजूने ओठांवरून परत लोटले होते. त्यांनी तिची हनुवटी पुसली आणि चौथा चमचा भरला. पोरीने तो तोंडात घेतला आणि गालात तसाच धरून ठेवला. तिच्या गळ्याकडे पाहत शालनबाई हातातला चमचा न हलवता बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने पोरीने घोट गिळला.