टेबलाच्या पायाखालचा चेहरा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. लंडनमध्ये, सेंट पॉलच्या मोठ्या देवळामागच्या गल्लीत गिल्बर्ट नावाच्या छापखानेवाल्याने आरशात बघून स्वतःचाच चेहरा माझ्यावर कोरला. पुढे तापाने तो गेला. छापखाना त्याच्या बायकोकडे, टॅम्सिनबाईकडे आला. मीही आलो.

मित्रांनो, तिच्याकडे माणसाचा ठसा मी एकटाच. त्यामुळे राजकारणावरच्या प्रत्येक चोपडीवर मीच. मी बिशप झालो, गद्दार झालो, तुर्कांचा सुलतानही झालो. मिशी तीच.

शेजारचा पुस्तकविक्या ओबडाया एकदा म्हणाला, "अगं टॅम्सिन, हा तर मागच्या खेपेचा दरोडेखोर!"

"होता. आता मंत्री झालाय."

"आणि चेहरा तोच?"

"त्यांचा कुठे बदलतो?"

मला बघून कुणी थुंके, कुणी टोपी काढे. मी खरा कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते फक्त बाईला ठाऊक होतं.

मग माझ्या नाकाला कीड लागली. बारीक भोक पडलं. तिथे शाई धरेना. छापलेल्या नाकावर पांढरा ठिपका दिसू लागला. अशात बाईने सरकारवर एक जहाल चोपडी छापली. नाव घातलं नाही, पत्ता घातला नाही. नाकावरचा ठिपका तेवढा छापला गेला.

ओबडाया धापा टाकत आला. "शिपाई छापखान्या-छापखान्यांत भोकाचं नाक शोधतायत! सापडलं तर तुरुंगात जाशील. घाल त्याला चुलीत!"

"एकदा पुरलाय त्याला. आता जाळू?"

"अगं, लाकूड आहे ते!"

"जिवंतपणी तरी तो कुठे फार बोलायचा?"

कोपऱ्यातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तिने मला पालथा करून त्याखाली सरकवलं. शिपायांनी घर उलथंपालथं केलं. एकाने त्याच टेबलावर बसून तिचं चीज खाल्लं आणि टेबल भक्कम असल्याचं सांगितलं. मी सापडलो नाही. तरी संशयावरून छापायचं यंत्र मात्र उचलून नेलं.

बाई नॉरिचला बहिणीकडे निघाली. वेशीवर गाठोडी तपासत होते; मला नेणं शक्य नव्हतं. तिने वाकून माझ्या कडेवर बोट ठेवलं. "येते हं, गिल्बर्ट."

आली नाही.

आता इथे चांभार बसतो. टेबल त्याला आवडतं. मी तोंड खाली घालून आहे. खाली कागद नाही, फरशी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं जुनं टेबल अजिबात डुगडुगत नसेल, तर एकदा वाकून बघा. कुणाचा तरी नवरा असायचा.