गॅस बंद केला का?

आमच्या कॉल सेंटरमध्ये वॉशिंग मशीनच्या तक्रारी काकू ऐकायच्या. एकोणीस वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला फोन आपटू दिला नाही. म्हणून कंपनीने ठरवलं, की काकूंचे सगळे कॉल कॉम्प्युटरला ऐकवायचे, त्याला त्यांच्यासारखं बोलायला शिकवायचं, आणि तो शिकला की काकूंना घरी बसवायचं.

"म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा," काकू म्हणाल्या.

"धोंडा नाही हो काकू, ट्रान्झिशन म्हणतात त्याला," टीम लीडर म्हणाला आणि त्याने हेडफोन परत मागितला.

सोमवारी पहिलाच फोन आला. एका गृहस्थांचं मशीन घरभर नाचत होतं. कॉम्प्युटरने काकूंच्या आवाजात सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, गॅस बंद केला का?"

गृहस्थ स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. "बंद आहे," म्हणाले. कॉम्प्युटर गप्प.

झालं होतं असं, की गेली चार वर्षं काकू घरूनच काम करत होत्या. इकडे कॉल, तिकडे शेगडीवर दूध, आणि मध्ये पेपर वाचत बसलेले काका. कॉम्प्युटर शहाणं पोर. हेसुद्धा शिकलं. काकांच्या आवाजात "केला" ऐकू आल्याशिवाय ते पुढे सरकेना.

दुपारपर्यंत दोनशे गिऱ्हाइकं लाइनवर ताटकळली होती. एकाच्याही घरी गॅस चालू नव्हता.

नव्याने शिकवायला दोन महिने लागणार होते. मंगळवारी कंपनीने काकांना नोकरीवर घेतलं. गळ्यात ओळखपत्र, समोर माइक, काम एवढंच, की "केला" म्हणायचं.

"अहो, गॅस बंद केला का?"

"करतोय," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"करतोय नको. उठा आधी," कॉम्प्युटर काकूंच्याच आवाजात म्हणाला.

काका उठले. ऑफिसात गॅस नव्हता, म्हणून पाण्याच्या कूलरला हात लावून परत आले. "केला." गिऱ्हाइकाचं काम झालं. असं दिवसभरात एकशे चाळीस वेळा. संध्याकाळी काका टीम लीडरला म्हणाले, "घरी निदान ती मध्ये जेवायला तरी थांबायची."

बुधवारी टीम लीडरने काकूंना फोन लावला. "काकू, काकांना पहिल्या हाकेला 'केला' म्हणायला शिकवा ना. ट्रेनर म्हणून घेतो तुम्हाला. शिकले की मोकळ्या."

"ते शिकेपर्यंत नोकरी माझी?"

"अर्थात. किती दिवस लागतील?"

"एकतीस वर्षं झाली शिकवतेय. अजून 'करतोय'वरच आहेत. नोकरीचं तेवढं कागदावर लिहून द्या."

त्याने घाईघाईत लिहून दिलं.

गुरुवारी काकू हेडफोन घालून काकांच्या मागे बसल्या. कॉम्प्युटरने विचारलं, "अहो, गॅस बंद केला का?"

"के..." काकांनी तोंड उघडलं. काकूंनी मागून खुर्चीला हळूच पाय लावला.

"...करतोय," काका म्हणाले.